अन्नपूर्णा तर्खड आणि सतरा वर्षांचे रवींद्रनाथ: ही गोष्ट तिच्या बाजूने कोणी सांगतच नाही

रेवा_ठाणे

"टागोरांचं पहिलं प्रेम मराठी मुलगी होती" हे फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. चार ओळी, एक फोटो, शेवटी 'अधुरी प्रेमकहाणी'. मला दरवेळी चिडायला होतं कारण त्यात ती मुलगी कुठेच नसते, असतात ते फक्त टागोर. म्हणून हा धागा काढतेय, लांबलाय, पण नीट सांगायचं तर लांबणारच.

साल १८७८. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे. शाळा एकामागून एक सोडून झालेल्या, घरच्यांनी अभ्यासाच्या बाबतीत हात टेकलेले. तेव्हा भाऊ सत्येंद्रनाथ म्हणाले मी विलायतेला चाललोय, ह्याला घेऊन जातो, बॅरिस्टर करू. सत्येंद्रनाथ म्हणजे पहिले भारतीय आयसीएस, नोकरी मुंबई इलाख्यात, त्यावेळी अहमदाबादला जज. तर रवी आधी अहमदाबादला जाऊन राहिला, शाहीबागच्या जुन्या महालात, भाऊ कोर्टात गेला की एवढ्या मोठ्या वाड्यात दिवसभर एकटा, डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तकं चाळत. पण पुस्तकं वाचून बोलायला येत नाही, चारचौघात बसाउठायला येत नाही, म्हणून भावाने त्याला मुंबईत एका मित्राच्या घरी ठेवलं. हे मित्र म्हणजे डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. आणि ह्या मुलाला बोलतं करायचं काम आलं डॉक्टरांच्या मुलीकडे. नाव अन्नपूर्णा, सगळे ॲना म्हणायचे.

महिना-दीड महिना असेल सगळा मिळून. २० सप्टेंबर १८७८ ला 'पूना' नावाच्या बोटीने दोघे भाऊ विलायतेला गेले. पुढे काहीही झालं नाही.

आता कोणी म्हणेल दोघंही खात्यापित्या, सुधारक घरातली, ह्यात वेगळी दुनिया कुठे आली. मला तर जमीनअस्मानाचा फरक दिसतो. टागोरांचं कोलकात्यातलं जोडासाँकोचं घर म्हणजे बायका आत, पुरुष बाहेर, पोरं नोकरांच्या ताब्यात वाढलेली, आणि हा तर धाकटा, लाजराबुजरा, घराबाहेरच्या बाईमाणसाशी मोकळं बोलायची सवयच नाही. आणि समोर ही. विलायतेला राहून शिकून आलेली, वयाने थोडी मोठी, वडिलांच्या मित्रांत बसून बोलणारी, आणि परक्या प्रांतातल्या तरुण मुलाला रोज भेटायला, शिकवायला तिला घरात कोणाची आडकाठी नाही. १८७८ साली! आपल्याकडे त्या काळात बाकीच्या घरांतल्या तिच्या वयाच्या मुली दोन-तीन लेकरांच्या आया झालेल्या असायच्या.

रवींद्रनाथांनी हे स्वतः लिहिलंय, पण ऐंशीला टेकल्यावर, 'छेलेबेला' मध्ये, ते १९४० ला आलं. त्यात ते म्हणतात की माझ्याकडे विद्या नावालाच, तिने मला हिडीसफिडीस केलं असतं तरी तिला दोष देता आला नसता, पण तिने तसं केलं नाही. पुस्तकी भांडवल नाही म्हणून मी माझी कवी असण्याची गोष्ट पुढे केली, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला, मापं काढली नाहीत. मग एक दिवस तिने त्याच्याकडे स्वतःसाठी नाव मागितलं. त्याने दिलं, नलिनी. ते नाव गुंफून त्याने गाणं केलं, सकाळच्या भैरवीत. ती ऐकून म्हणाली की कवी, मी मरणाच्या दारात असले तरी तुझं गाणं ऐकून परत येईन. आणि दुसरं तिने एक मागितलं, की तू दाढी कधी ठेवू नकोस, चेहऱ्याची कड झाकली जाईल.

पुढे त्या दाढीचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. म्हातारे रवींद्रनाथ लिहितात की तिचं हे म्हणणं मी पाळलं नाही, पण ते बघायला ती राहिली नाही.

माझा मुद्दा असा आहे की ह्या सगळ्यात पुढाकार कोणाचा आहे ते बघा. नाव मागते ती, चेहऱ्याबद्दल बोलते ती, गाणं कसं वाटलं ते सांगते ती. तो फक्त देतो आणि घाबरतो. आणि आपण मात्र ती गोष्ट त्याच्या चरित्रातलं एक पान म्हणून वाचतो. तुम्हाला काय वाटतं?


भाऊ_वसईकर

रेवाताई, धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. ह्या घराण्याबद्दल थोडं लिहितो कारण तर्खड गाव आमच्या वसईकडचं, आणि आमच्याच भागातल्या लोकांना हे ठाऊक नसतं.

आत्माराम पांडुरंगांचे थोरले भाऊ म्हणजे दादोबा पांडुरंग, मराठी व्याकरणाचे दादोबा. त्यांचं व्याकरण १८३६ चं. परमहंस मंडळीत तेच होते, जिथे जात मोडायची म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, पण गुपचूप. दुसरे भाऊ भास्कर पांडुरंग, ह्यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी पेपरात टोपणनावाने इंग्रज सरकारवर इतकी सडकून टीका केली होती की आजही वाचून छाती दडपते. आणि आत्माराम स्वतः डॉक्टर, १८६७ ला प्रार्थना समाज, पुढे मुंबईचे शेरीफ, आणि १८८३ ला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांत जे दोन हिंदी माणसं होती त्यातले एक हे. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील.

तेव्हा ॲना आकाशातून पडली नव्हती. तीन भावांनी आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या घरातली ती पुढची पिढी.


कोजागरी

मस्त लिहिलंय! मी हातमोज्यांचा किस्सा ऐकलाय, तो खरा आहे का? की ते पण फॉरवर्डवालंच?


रेवा_ठाणे

@कोजागरी, तो पण खुद्द रवींद्रनाथांच्या तोंडचा आहे, फक्त 'छेलेबेला' मध्ये नाही. दिलीपकुमार राय ह्यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितला आणि राय ह्यांनी तो लिहून ठेवला. ॲना त्याला म्हणाली की तुला ठाऊक आहे का, एखादी मुलगी झोपलेली असताना कोणी तिचे हातमोजे चोरले तर त्याला तिचा मुका घ्यायचा हक्क मिळतो. आणि थोड्या वेळाने आरामखुर्चीत झोपून गेली. जाग आल्यावर आधी हातमोज्यांकडे बघितलं. होते तसेच ठेवलेले, एकही चोरीला गेला नव्हता.

मला हा किस्सा वाचताना नेहमी तिचं ते उठून बघणं दिसतं. सगळे सांगतात की रवी किती भोळा. ती उठली, बघितलं, आणि मग तिला काय वाटलं असेल हे कोणी विचारत नाही.


पेठेतला_वाचक

ही एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, हे दिलीपकुमार राय म्हणजे आपल्या पुण्यातल्या मॉडेल कॉलनीतल्या हरिकृष्ण मंदिराचे दादाजी. शेवटची वर्षं इथेच काढली, १९८० ला गेले. लहानपणी आजीबरोबर तिथे भजनाला जायचो, तेव्हा काय कल्पना की टागोरांनी आपल्या मनातली एवढी आतली गोष्ट ज्यांच्यापाशी बोलून दाखवली ते हे.


विहंग_र

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. ह्याला प्रेम म्हणावं का खरंच? एक मोठी, हुशार, जग बघितलेली मुलगी, घरी पाहुणा आलेला देखणा पोरगा, चार दिवस थट्टामस्करी, गाणी, चांदण्यातल्या गप्पा. तिला गंमत वाटली असेल, त्याला भीती वाटली असेल. साठ वर्षांनी म्हाताऱ्या कवीने त्यावर सोनेरी वर्ख चढवला. आणि वर त्यात एक अडचण आहे, 'नलिनी' हे नाव तिच्यासाठी घडवलेलं नाहीये. 'कविकाहिनी' ही त्यांची दीर्घ कविता 'भारती' मासिकात आधीच छापून आली होती, तिच्यातल्या नायिकेचं नाव नलिनीच आहे. म्हणजे कवितेतलं तयार नाव उचललं आणि तिला दिलं. आणि त्याच सुमाराला हे गृहस्थ 'भारती' साठी दान्ते-बिआट्रिस, पेट्रार्क-लॉरा, गटेच्या प्रेमकथा असे लेख लिहीत होते. सतरा वर्षांचा मुलगा कवींना प्रेयसी असते असं वाचतोय, लिहितोय, आणि समोर एक मुलगी आहे. मला तरी ते पुस्तकी वाटतं.


मीरा_लातूर

विहंग, तुझी माहिती बरोबर आहे पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. सतराव्या वर्षी प्रेम पुस्तकी नसतं तर कसलं असतं? आपण सगळे कुठूनतरी वाचलेले, ऐकलेले शब्दच घेऊन पहिल्यांदा प्रेमात पडतो. कवितेतली नायिका जी त्याने एकट्याने बसून रचली होती, तिचं नाव तो जिवंत माणसाला देतो, ही लहान गोष्ट नाहीये. ते नाव त्याच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू होती त्या वेळी. पैसे भावाचे, कपडे भावाचे, इंग्रजी येत नाही, डिग्री नाही. स्वतःचं असं एवढंच.

आणि वर्ख चढवला म्हणतोस तर १९१२ च्या 'जीवनस्मृती' मध्येच चढवला असता की. तिथे ती नाहीच. अहमदाबाद आहे, विलायत आहे, मधली मुंबई नुसती नावापुरती. ज्याला मिरवायचं असतं तो अठ्ठावीस वर्षं थांबत नाही.


सुमन_बडोदा

मी बडोद्याची, त्यामुळे ॲनाच्या पुढच्या आयुष्याबद्दल लिहिते. १८८० च्या नोव्हेंबरात तिचं लग्न झालं, नवरा हॅरॉल्ड लिटलडेल, बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक, शेक्सपिअरचे अभ्यासक. म्हणजे रवी बोटीत बसून गेला त्यानंतर दोनच वर्षांत. बडोद्यात राहिली, मुली झाल्या, मग विलायतेला गेली आणि १८९१ मध्ये एडिंबराला वारली. तिशीत होती फक्त.

चरित्रकारांनी नोंदवलंय की लग्नानंतरही ती नलिनी हे नाव लिखाणासाठी वापरायची आणि तिच्या एका भाच्याचं नाव रवींद्रनाथ ठेवलं होतं. विहंगदादा, थट्टामस्करी म्हणालात ना, थट्टेत मिळालेलं नाव बाई लग्नानंतर जपत नाही.

आणि लग्नाबद्दल, गोऱ्या माणसाशी मराठी मुलीने १८८० साली लग्न करणं म्हणजे काय हे आमच्या आजच्या बडोद्यातल्या मराठी घरांत पण विचारून बघा. आत्याच्या मुलीने गुजराती मुलगा केला तर चार वर्षं बोलणं बंद होतं आमच्याकडे. तिच्या आईवडिलांनी तिला ते करू दिलं. मला तर तिच्याबद्दल जास्त कुतूहल वाटतं टागोरांपेक्षा.


शंतनू_कोलकाता

नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे, इथल्या लोकांशी ह्या विषयावर बोलणं झालंय म्हणून लिहितोय. इथे 'आना तर्खड' हे नाव शिकलेल्या माणसाला माहीत असतंच, मराठी माणसापेक्षा जास्त.

हे लग्नापर्यंत का गेलं नसतं त्याचं खरं कारण ठाकूरबाडीच्या, म्हणजे टागोरांच्या घराच्या, आतलं आहे. ठाकूर घराणं पिराली ब्राह्मण. पिढ्यान्पिढ्यांपूर्वीच्या मुसलमान संसर्गाच्या ठपक्यामुळे बाकीचे ब्राह्मण त्यांच्याशी सोयरीक करत नसत, त्यामुळे एवढे गडगंज असूनही मुली मिळायच्या त्या जेसोर-खुलनाकडच्या मोजक्या पिराली घरांतल्या. वडील देवेंद्रनाथ ब्राह्म धर्माचे आचार्य, मूर्तिपूजा नको, पण जातीबाहेर लग्न नको म्हणजे नको. केशवचंद्र सेन वगैरे तरुण मंडळी १८६६ मध्ये ब्राह्म समाजातून फुटून निघाली त्यामागे जातीचा प्रश्न होताच, जानवं ठेवायचं की नाही इथपासून. आणि १८७२ चा जो सिव्हिल मॅरेजचा कायदा आला त्यात आपण हिंदू नाही असं लिहून द्यावं लागायचं, ते देवेंद्रनाथांना कदापि मान्य नव्हतं.

आणि तर्खड वैश्य, मराठी, त्यात मुलगी वयाने मोठी, विलायत पाहिलेली. त्या घरात ही सून म्हणून येणं अशक्य.

रवींद्रनाथांचं लग्न शेवटी कोणाशी झालं बघा. ९ डिसेंबर १८८३, भवतारिणी, म्हणजे पुढच्या मृणालिनीदेवी. ठाकुरांच्याच जमीनदारीतल्या एका कारकुनाची मुलगी, खुलन्याकडची, पिराली, वय दहाच्या आसपास. नवरा बावीसचा. एका बाजूला हातमोजे घालणारी ॲना आणि दुसऱ्या बाजूला ही पोर. वडिलांनी सांगितलं, ह्यांनी केलं.


कोजागरी

शंतनूदादा वाचून कसंतरीच झालं. पण मृणालिनीदेवींबद्दल एक बोलायचंय, त्या बिचाऱ्या ह्या तुलनेत नेहमी 'ती पोर' म्हणूनच येतात. त्यांनी पुढे शांतिनिकेतनच्या शाळेसाठी अंगावरचे दागिने दिलेत आणि १९०२ ला त्याही तिशीच्या आत गेल्या. ॲनाला तिच्या बाजूने बघायचं तर ह्यांनाही बघूया.


शंतनू_कोलकाता

+१. अगदी मान्य.


अनंत_फलटण

आणि कादंबरीदेवींचं, टागोरांच्या वहिनींचं, काय? त्यांच्याशिवाय टागोरांच्या तरुणपणाबद्दल बोलणं अपुरं नाही का?


रेवा_ठाणे

अनंतजी, तो खूप मोठा आणि दुखरा विषय आहे, त्याला वेगळा धागा हवा. इथे ॲनाच राहू दे.


अश्विनी_क

अशक्य होतं अशक्य होतं म्हणताय सगळे, पण त्याच काळात एक मराठी-बंगाली लग्न झालंय आणि तेही जात मोडून! पंडिता रमाबाई. १८७८ साली, म्हणजे बरोब्बर ज्या वर्षी रवी मुंबईत ॲनाकडे इंग्रजी शिकत होता, त्याच वर्षी रमाबाई कोलकात्यात पोचल्या, तिथल्या पंडितांनी संस्कृत ऐकून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' केलं. आणि १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं, वकील, ब्राह्मण नव्हेत. सिव्हिल पद्धतीने, शंतनूंनी सांगितला त्याच १८७२ च्या कायद्याखाली. दोन वर्षं पण संसार झाला नाही, १८८२ ला मेधावी कॉलऱ्याने गेले.

मग रमाबाईंना जे जमलं ते ह्या दोघांना का नाही? मला वाटतं उत्तर भयंकर आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेलेले, बहीण गेली, शेवटी भाऊही गेला. अडवायला कोणी शिल्लकच नव्हतं. मेधावींवर त्यांच्या लोकांनी बहिष्कार घातला तो त्यांनी सोसला. घर नसलेल्या बाईने ते केलं. रवीला एवढं मोठं घर होतं, त्या घराच्या पैशावर तो विलायतेला चालला होता. सतराव्या वर्षी तो त्या घराला नाही म्हणणार होता थोडाच. श्रीमंत सुधारक घरं बाहेरून मोकळी दिसतात पण त्यातली मुलं फार कमी गोष्टींना नाही म्हणू शकतात.


विहंग_र

अश्विनी, हा प्रतिसाद जबरदस्त आहे. असा विचार केला नव्हता. पण मग उलट प्रश्न येतो, ॲनाचं पण मोठंच घर होतं, तिला तिच्या मनासारखं करता आलं की.


अश्विनी_क

हो ना. कारण तिच्या घरात भाऊंनी वर लिहिलेली तीस-चाळीस वर्षांची मशागत झाली होती. दादोबांच्या पिढीला गुपचूप बसून एकत्र खावं लागलं, आत्मारामांच्या मुलीने उघड परधर्मीयाशी लग्न केलं. देवेंद्रनाथांनी देव बदलला, घर तसंच ठेवलं. मुंबई आणि कोलकाता, दोन्हीकडे सुधारणा, पण लग्नाच्या बाबतीत ह्या दोन घरांच्या वाटा पार वेगळ्या. रेवा 'वेगळ्या दुनिया' म्हणते ते मला इथे पटतं.


भाऊ_वसईकर

आणि इकडून तिकडे गेलेल्या गोष्टी पण आहेत हां. सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, रवींद्रनाथांनीही काही केले. सत्येंद्रनाथांची बायको ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईत राहून पारशी बायकांसारखी साडी नेसायला शिकल्या आणि ती पद्धत कोलकात्यात रुजवली. त्यामुळे सत्येंद्रनाथांना तर्खडांच्या घरात भाऊ ठेवावासा वाटला ह्यात नवल नाही, त्यांनी आपल्या बायकोला पडद्याबाहेर काढायला हेच घर, हीच मुंबई डोळ्यासमोर ठेवली असणार.


पेठेतला_वाचक

मला एक कळत नाही, ॲनाचं स्वतःचं असं काही आहे का हातात? की सगळं टागोरांच्याच तोंडून?


रेवा_ठाणे

पेठेतले, आहे, आणि मी तेच शेवटी लिहिणार होते. एक पत्र आहे. रवी गेल्यावर त्याच नोव्हेंबरात 'कविकाहिनी' पुस्तक म्हणून निघालं, रवींद्रनाथांचं पहिलं पुस्तक, ते विलायतेत असतानाच. ज्योतिरिंद्रनाथांनी, म्हणजे आणखी एका भावाने, त्याची प्रत ॲनाला मुंबईला पाठवली. तिने इंग्रजीत आभाराचं पत्र लिहिलं. एकदम रीतसर, सभ्य पत्र. पण त्यात ती म्हणते की ही कविता मला 'भारती' मधून वाचून दाखवलेली आहे, भाषांतर करून सांगितलेली आहे, इतकी की मला ती जवळजवळ पाठ आहे.

म्हणजे बघा ना. त्याला ठेवलं होतं इंग्रजी शिकायला. आणि तो बसून तिला बांगला कविता वाचून दाखवतोय, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकेक ओळ फोडून सांगतोय, ती परत परत ऐकतेय, पाठ होईपर्यंत. शिकवणी तिच्याकडे होती आणि त्या दिवसांत खरं शिकली ती. परकी भाषा, परका मुलगा, ज्याच्यावर घरच्यांचाही भरवसा नव्हता, आणि अजून एकही पुस्तक नावावर नसताना हिने त्याला कवी म्हणून मानलं. शांतिनिकेतन, नोबेल, सगळं नंतर.

सुमनताई, तुम्ही बडोद्यात आहात तर तिथल्या जुन्या कॉलेजच्या कागदांत किंवा जुन्या मासिकांत नलिनी नावाने काही लिखाण सापडतं का बघाल? एडिंबराला राहणारे कोणी सभासद असतील तर त्यांनीही. मला तिचं लिहिलेलं वाचायचंय.


सुमन_बडोदा

बघते. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एक ओळखीच्या आहेत, सोमवारी फोन करते त्यांना.